अर्धा कोयता

परभणी जिल्हा बघायला म्हणून कुणी जात नाही. मीही गेले नव्हते. माझी एक विद्यार्थिनी दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. फोन लावला की "येते मॅडम" एवढंच म्हणायची, आणि नंतर नंतर तेही बंद झालं. शेवटी जानेवारीत मी स्वतःच पुण्याहून निघाले. आल्यापासून लोक विचारतात, कसा झाला प्रवास? प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड कडू होतं, म्हणून हे एकदाच लिहून टाकते आहे. गोड काही वाचायला मिळेल या आशेने कुणी वाचू नये.

अश्विनी तिचं नाव. पालमची. माझ्याकडे पीएच.डी. करते. तिचा विषय सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, तेव्हा थोडं सहन करा. आपल्या आकाशगंगेभोवती लहान लहान दीर्घिका फिरत असतात, त्यांना आम्ही बटू दीर्घिका म्हणतो. काही इतक्या फिकट असतात की त्यांतले मोजके तारेच हाती लागतात. या ताऱ्यांचे वेग मोजले की लक्षात येतं, जेवढं वजन डोळ्यांना दिसतंय तेवढ्याने हे तारे एकत्र राहणं शक्यच नाही, केव्हाच उधळून जायला हवे होते. म्हणजे त्यांना धरून ठेवणारं, न दिसणारं काहीतरी तिथे आहे. तेच कृष्णद्रव्य, ज्याला पेपरवाले डार्क मॅटर म्हणतात. पण यात एक गोम आहे. कधी कधी तारा एकटा नसतो. त्याचा जोडीदार त्याला खेटून असतो, दुर्बिणीतून दोघे मिळून एकच ठिपका दिसतो, आणि आपण मोजलेला वेग हा त्या जोडीदाराभोवती फिरण्याचा असतो. असे एक-दोन जोडतारे हिशेबात शिरले की नसलेलं कृष्णद्रव्यसुद्धा असल्यासारखं दिसतं. त्यावर उपाय एकच. तेच तारे काही काळाने पुन्हा मोजायचे, ज्याचा वेग बदलला तो जोडतारा, आणि त्याला बाहेर काढायचं.

अशाच एका बटू दीर्घिकेची अश्विनीची पहिली मोजणी झाली होती. दुसरी फेब्रुवारीअखेर व्हायची होती, चिलीतल्या दुर्बिणीवर, पण पुण्यात बसूनच, संगणकावरून. तिला मिळालेली मुदतवाढ शेवटची होती. ही निरीक्षणं तिने स्वतः घेऊन लगेच कमिटीपुढे मांडली नाहीत तर नोंदणी रद्द, असं पत्र आमच्या विद्वान कमिटीने पाठवलं होतं. तीन दिवस निरीक्षणाचे, एक दिवस कमिटीचा. चार दिवसांसाठी ही पोरगी पाच वर्षांचं काम पाण्यात घालणार, या रागातच मी गाडीत बसले.

देवगाव फाटा

जालना सोडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी लागते. कणसं भरत आली होती आणि पाखरं हाकायला माणसं उभी होती. देवगाव फाट्याला आमच्या एसटीचं चाक बसलं. ड्रायव्हरने खाली उतरून चाकाकडे अशा नजरेने पाहिलं की हे त्याला सकाळपासून माहीत असावं. मग सगळ्यांनी हॉटेलात बसून सुशीला खाल्ला. मुरमुरे भिजवून पोह्यांसारखे परततात त्याला इकडे सुशीला म्हणतात. आमच्या कोल्हापूरकडे मुरमुरे कोरडेच खायची रीत, त्यामुळे मी जरा नाक मुरडूनच घास घेतला आणि मग दुसरी प्लेट मागवली. त्या दिवसातलं चांगलं म्हणावं असं तेवढंच.

शेजारी परभणीचे एक गृहस्थ बसले होते, कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले, डोक्याला मफलर. मी काय करते हे त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हंजी ते दिसत न्हाई?"

"नाही."

"हाताला लागत न्हाई?"

"नाही."

"मग हाय कशावरून?"

"त्याच्यामुळे तारे कसे पळतात ते दिसतं."

त्यांनी चहा बशीत ओतला. "मग बराबर हाय," म्हणाले, "आमच्या साहेबाच्या बायकोचं असंच होतं. कचेरीत कधी दिसली न्हाई, पण समदी कचेरी तिच्यापायी पळायची."

मी हसले. पुण्यात याच विषयावर भाषण देताना मी गेली कित्येक वर्षं लोकांना झोपवते आहे. हसता हसता मनात आलं की अश्विनीला हे सांगायला हवं, आणि मग आठवलं की ती सापडली तर सांगायचं ना.

पालम

अश्विनीचं घर बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, पुढे पत्र्याचं छप्पर. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. कमरेला पट्टा. मला पाहून उठायला गेली आणि तिला उठता आलं नाही.

"कधी आलाव, मॅडम? बसा की. आमची आशी न्हाई घरी. पाव्हण्याकडं गेलीय."

"कुठल्या पाहुण्यांकडे?"

"हायत लांबचे."

माझ्या पुढ्यात धपाटे आणि दही आलं. आणणारी मुलगी नवी नवरी होती. हातभर हिरवा चुडा, गळ्यात पिवळं नवंकोरं मंगळसूत्र, आणि काखेत बारावीचं फिजिक्सचं पुस्तक. पुस्तक काखेत धरूनच तिने ताट ठेवलं, त्यामुळे दही थोडं सांडलं. ही पूजा, अश्विनीच्या धाकट्या भावाची, गणेशची बायको. दिवाळीनंतरच्या पहिल्या मुहूर्तावर लग्न झालेली.

आई जरा डुलकीला लागली तशी पूजा माझ्याजवळ येऊन बसली. "मॅडम, ताई पाव्हण्याकडं न्हाई गेल्या. त्या तोडायल्यात. गंगाखेडच्या फडात. माझ्या जागी."

मला काही कळलं नाही. मग तिने जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण तिच्या शब्दांत त्याबद्दल काही तक्रारच नव्हती.

ऊसतोडीला माणसं घेतात ती एकेकटी नाही, जोडीने. एक तोडणारा, एक मोळी बांधणारी. या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत कुणी विचारत नाही. अश्विनीचे आईवडील वर्षानुवर्षं एक कोयता होते. वडील गेल्यावर गणेश आणि आई मिळून कोयता झाला. यंदा दसऱ्यातच आईची कंबर गेली. मुकादमाला तर आधीच शब्द दिलेला. मग घरात ठरलं ते इकडे सगळीकडे ठरतं तेच, की गणेशचं लग्न करून टाकायचं, म्हणजे कोयता पुरा होईल. पूजाला नुकतंच अठरावं सरलेलं. बारावीचं वर्ष, सायन्स घेतलेलं, वर्गात पहिली. ते कुणी विचारात घेतलं नाही. अश्विनी लग्नाला म्हणून आली, आणि हळद उतरायच्या आत नवरीला फडावर न्यायचं हे तिला मांडवात कळलं. ती म्हणाली, परीक्षा होईपर्यंत पूजा घरी राहील, तिच्या जागी मी जाते. भाऊ-बहीण मिळून कोयता.

"तुला कसं वाटलं?" मी विचारलं. प्रश्न किती मूर्खपणाचा होता ते विचारल्यावर कळलं.

"मला अभ्यास करायचा हाय, मॅडम," ती म्हणाली.

मग मीही तिला सांगून टाकलं, अश्विनीचं काय पणाला लागलंय ते. दुर्बीण, मुदत, कमिटी, चार दिवस. तिने तारखा विचारल्या. मी सांगितल्या. ती पुस्तकाचं पान दुमडत राहिली.

"त्यातल्या दुसऱ्या दिशी माझा फिजिक्सचा पेपर हाय," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

गंगाखेडच्या शिवारात

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने गंगाखेड गाठलं. इथे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. गंगेच्या काठाने गेलं की ऊस सुरू होतो. काल पाहिलेल्या कोरडवाहू रानानंतर एवढं हिरवं पाहिलं की कुणाचंही मन निवेल. माझं निवलं नाही. आमच्याकडे कोल्हापूरला दर हिवाळ्यात फडाच्या कडेला ऊसतोडवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या, झोपड्याच त्या, पडायच्या. आई आम्हाला तिकडे जाऊ नका म्हणायची. ती माणसं येत कुठून आणि जात कुठे हे आमच्या गावात कुणी कधी विचारलं नाही. गूळ मात्र सगळ्यांच्या घरी असायचा.

फडात शिरले तर सुरुवातीला अश्विनीला ओळखलंच नाही. डोक्याला घट्ट फडकं, अंगात भावाचा फुल शर्ट, पायात फाटके बूट. पुढे गणेश ऊस तोडून टाकत होता, मागे ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, छाटून मोळ्या बांधत होती. मला पाहून ती थांबली नाही. हातातली मोळी बांधून झाली, मग उभी राहिली.

"तुमी कशाला आलाव, मॅडम?"

माझ्याशी ती कधी अशी बोलत नसे. सेमिनारमध्ये इतकं छापील बोलायची की मी चिडवायचे. मी म्हटलं, "तुला न्यायला."

ती हसली, पण ते हसू काही बरं नव्हतं. तिच्या हातांवर पात्याने कापल्याच्या बारीक रेघा होत्या, जुन्या वाळलेल्या आणि ताज्या. याच हातांनी ती ताऱ्यांचे वर्णपट एकेक करून तपासायची, आणि एखादा जरी शंकास्पद वाटला तर मला जेवू द्यायची नाही.

दुपारी सगळे फडाच्या कडेला जेवायला बसले. भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. मलाही दिलं. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते एका परीने बरंच झालं. अश्विनी मला जरा बाजूला घेऊन बसली.

"तो कडेचा तारा आहे ना, सगळ्यात जास्त वेगवाला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा जुना आवाज आला, "त्याचा वेग मला पटत नाही. पहिल्या दिवशी तोच घ्या. ढग आले तर बाकीचे सोडा, तो सोडू नका. तो एकटा असेल असं मला वाटत नाही."

"मी कोण घेणार? तूच घ्यायचाय."

"मी कशी येऊ?"

"चार दिवस गं! चार दिवस फक्त!"

"तुमी काकांना विचारा."

काका म्हणजे मुकादम, तिचा चुलत चुलता. मोटरसायकलला टेकून फोनवर बोलत होता. माणूस वाईट नव्हता, हेच जास्त वाईट. मला खुर्ची मागवली, नसल्यामुळे पोत्याची घडी अंथरली. माझं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी हुशार हाय, मालूम हाय मला," तो म्हणाला. "आमच्या घराण्यात कुणी एवढं शिकलेलं न्हाई. पण मॅडम, अर्ध्या कोयत्याला मी काय करू? गण्यानं तोडायचं का मोळी बांधायची? तो मोळी बांधाय बसला की ट्रॅक्टर हुबा. ट्रॅक्टर हुबा की समदी टोळी हुबी. मग बाकीचे मला बोलणार. दुसरी बाई द्या चार दिवस, मी आत्ता सोडतो तिला."

"मी येते चार दिवस," मी तडकून म्हटलं.

आजूबाजूच्या बायका हसू लागल्या. मला हसण्याचाही राग आला. मी पदर खोचला आणि तिथेच एक मोळी बांधली. वाढ्याचा पीळ देऊन आवळायचं असतं. मी आवळलं, उचलली, आणि सगळा ऊस माझ्या पायावर सांडला. तळहाताला पातं लागून रक्त आलं ते वेगळंच. एका बाईने हळद लावली आणि हसतच म्हणाली, "मॅडम, तुमी आपल्या चांदण्या मोजा." अश्विनी हसली नाही. ती सांडलेला ऊस गोळा करायला लागली.

आमच्या धंद्यात जोडी म्हणजे घोळ. जोडतारा सापडला की आम्ही त्याला काढून टाकतो, एकट्याचाच वेग खरा धरतो. इथे एकट्याला किंमत नव्हती. त्या कोयत्यात कोण आहे, काय शिकलंय, कुठून आलंय, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. दोन माणसं पाहिजेत म्हणजे दोन पाहिजेत.

निघताना अश्विनी म्हणाली, "त्या दिवसांत पूजाचा पेपर नसता ना मॅडम, तर ती आली असती. चारच दिवस तर होते."

माझा तोल गेला. पाच वर्षं, दुर्बीण, कमिटी, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी म्हटलं, "बारावीला पुरवणी परीक्षा असते, जुलैत. पीएच.डी.ला नसते."

ती माझ्याकडे बघत राहिली. तशा नजरेने तिने मला पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"एकदा फडात आलेली पोरगी जुलैत परीक्षेला बसलेली तुमी बघितलीय का कधी?" ती म्हणाली. "मी न्हाई बघितली."

गणेशने हाक मारली तशी ती गेली.

परत पालम

सामान अश्विनीच्या घरी होतं म्हणून पुन्हा पालमला यावं लागलं. आईने न विचारताच ओळखलं असावं. "आमचं नशीबच खराब, मॅडम," म्हणाली आणि माझ्या पिशवीत धपाटे बांधून दिले. मला त्या बाईचाही राग आला होता, पण तिला बसल्या जागेवरून पदर सावरतानाही कळ येत होती, तेव्हा काय बोलणार.

पूजा मला एसटीपर्यंत सोडायला आली. पालमच्या स्टँडवर नांदेडहून पुण्याला जाणारी गाडी लागली होती, सगळीकडे धूळ आणि हरभऱ्याचे ढाळे विकणारे. तिने मला एक जुडी घेऊन दिली. मग विचारलं, "ताई येणार न्हाईत?"

"नाही."

"तुमी त्यांना काय म्हणलाव?"

मी थकले होते. लपवायचा काही विचार मनात आला नाही. मी फडात जे म्हटलं होतं तेच सांगितलं, पुरवणी परीक्षेचं. आणि अश्विनी काय म्हणाली तेही सांगितलं.

गाडी सुटली तेव्हा पूजा तिथेच उभी होती, हातात राहिलेले ढाळे सोलून खात.

पुण्याला येईपर्यंत मी झोपले नाही. जाताना जसा अश्विनीवर राग होता तसा आता कुणावर काढायचा हे ठरत नव्हतं. कमिटीला मी लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की विद्यार्थिनीच्या कौटुंबिक परिस्थितीबद्दल आम्हाला सहानुभूती आहे, नियमात मात्र तशी तरतूद नाही. एक सहकारी म्हणाले, "या भागातल्या मुली टिकतच नाहीत हो." मी त्यांच्याशी अजूनही बोलत नाही.

पुणे

निरीक्षणाच्या पहिल्या दिवशी पहाटे मी एकटीच खोलीत बसले होते. चिलीतली रात्र म्हणजे आपली सकाळ. दुर्बीण लावून होईपर्यंत दार उघडलं आणि अश्विनी आत आली. रात्रीच्या गाडीने आली होती. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, पायात तेच फाटके बूट. मला इतका आनंद झाला की मी उठून तिला मिठीच मारली. काही विचारलं नाही. विचारलं तर ती परत जाईल अशी वेडी भीती वाटली.

तिने पहिल्या तासातच तो कडेचा तारा घेतला. तीन महिने फडात काढून आलेली पोरगी, पण एक बटण चुकलं नाही. संध्याकाळी तिने आकडे काढले. ताऱ्याचा वेग बदललेला होता. तो एकटा नव्हता. त्याला वगळल्यावर त्या दीर्घिकेतलं कृष्णद्रव्य आम्ही समजत होतो त्यापेक्षा खूपच कमी निघालं. मी म्हटलं, "तुझं बरोबर होतं." तिने नुसती मान हलवली. थकली असेल, असं मी समजले.

दुसऱ्या दिवशी चिलीत आकाश स्वच्छ होतं. आमचं काम झपाट्याने चाललं होतं. अकरा वाजत आले तेव्हा मी चहा घेऊन आले. ती पडद्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तेव्हा कुठे मला तारीख आठवली.

"अश्विनी," मी विचारलं, "तुझ्या जागी फडात कोण आहे?"

"पूजा," ती म्हणाली. "परवा संध्याकाळी आपली आपणच आली. माझ्या हातातला कोयता घेतला आणि म्हणली, जा. मी नाही म्हणून लय भांडले. ऐकली नाही. म्हणली, मॅडम म्हणल्यात पुरवणी असती."

बाहेर कुठल्या तरी शाळेची घंटा झाली. पालमच्या केंद्रावर पेपर वाटले गेले असतील. मी चहाचा कप हातात धरून उभी होते, तो कुठे ठेवायचा हे मला सुचत नव्हतं.

अश्विनी पडद्याकडे वळली. दुर्बिणीने आधीच्या ताऱ्याचं काम संपवलं होतं आणि ती पुढच्या हुकमाची वाट बघत थांबली होती.

"पुढचा तारा घेऊ का, मॅडम?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "घे."